ताणाचें माप

सोलापूर शहराच्या दक्षिणेस, विजापूर रस्त्याच्या बाजूला, जुळे सोलापूर ही नवी वस्ती पसरली आहे. त्याच रस्त्यावर जुना कंबर तलाव आहे. त्यास आतां संभाजी तलाव म्हणतात. अशा तलावाच्या कांठीं सुटीच्या दिवशीं एखादा मुलगा बाभळीच्या दुबेळक्यास सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन पट्टे बांधून बेचकी तयार करतांना दिसला, तर त्यांत नवल नाहीं. पट्टे आंखूड बांधले तर ते ओढतांना हात थरथरतो. लांब बांधले तर खडा चार पावलांवर पडतो. आणि हौसेनें फारच ताणले तर रबर तुटून स्वतःच्याच तोंडावर बसतें. दोन-तीन वेळां फसल्यावर मुलगा योग्य माप शोधून काढतो. सोलापूर हें मागांचें शहर आहे. ताणा ढिला राहिला तर कापडास झोळ पडतो आणि अति ओढला तर सूत तुटतें, हें येथल्या विणकरास कोणी शिकवावें लागत नाहीं.

समुद्र येथून दीडशे मैलांहून अधिक दूर आहे. तरीसुद्धां समुद्रांत श्वास रोखून बुडी मारणाऱ्या आणि पाण्याखालीं मत्स्यवेध करणाऱ्या शिकाऱ्याची भाला-बंदूक ही या बेचकीची सख्खी बहीण होय. इंग्रजींत तिला स्पिअरगन म्हणतात. तिच्यांत दारू नसते. एका लांब दांड्याच्या तोंडाशीं रबराचे पट्टे अडकविलेले असतात. ते मागें ओढून पोलादी भाल्याच्या खांचेंत बसवितात. चाप ओढतांच भाला सुटतो. सारी शक्ति काय ती त्या रबरांत. म्हणून या शस्त्राचा इतिहास म्हणजे ताणाचें माप माणसानें कसें शोधिलें आणि कितीदां चुकविलें, याचाच इतिहास आहे.

या प्रश्नाची आठवण आपल्या महाकाव्यांतही आहे. द्रौपदीच्या स्वयंवरांत अनेक राजांची फजिती नेम चुकल्यामुळें झाली नाहीं. त्यांना धनुष्यास दोरीच चढवितां आली नाहीं. सीतास्वयंवरांत शिवधनुष्य दोरी चढवून ओढतांना मोडलें. कथा पराक्रमाच्या असल्या, तरी त्यांत एक व्यावहारिक सत्य आहे. शस्त्राची पहिली कसोटी तें चढवितांना होते, सोडतांना नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत धनुष्यासाठीं ताड, वेळू, लांकूड व शिंग हे पदार्थ सांगितले आहेत आणि दोरीसाठीं मूर्वा, रुई, ताग, वेळू व स्नायु यांची वेगळी यादी दिली आहे. दांड्याची निवड आणि दोरीची निवड हीं दोन स्वतंत्र कामें आहेत, हें त्या काळींच ओळखलें गेलें होतें.

धनुष्यानें मासे मारण्याची विद्याही भारतास नवी नाहीं. अंदमानांतील आदिवासी उथळ पाण्यांत उभे राहून बाणानें मासे टिपत आले आहेत. मलबारांत मासे मारण्यासाठीं फुंकणी आणि आडवें धनुष्य वापरीत. मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्यांतील जेम्स हॉर्नेल यांनीं १९२४ सालीं त्यांविषयीं लेख लिहिला. या शिकाऱ्यांना एक गोष्ट अनुभवानें ठाऊक असते. पाण्यांत शिरतांना प्रकाश वांकतो. त्यामुळें कांठावरून मासा जेथें दिसतो त्याहून तो खालीं असतो. ही अडचण टाळावयाची तर शिकाऱ्यानें स्वतःच पाण्यांत उतरावयास हवें. परंतु धनुष्याचे पंख पाण्यांत जोरानें मिटत नाहींत; पाणी त्यांस अडवितें. तेथें निराळी शक्ति हवी होती.

ती रबरानें दिली. मध्य अमेरिकेंतील लोक हजारों वर्षांपूर्वीं रबराचे चेंडू करीत. पण कच्चें रबर उन्हांत चिकट होतें व थंडींत कडक होतें. १८३९ सालीं अमेरिकेंत चार्ल्स गुडइयर यांना गंधक व उष्णता यांच्या संस्कारानें तें टिकाऊ करण्याची युक्ति सांपडली. १८४५ सालीं लंडनमध्यें स्टीफन पेरी यांनीं रबरी पट्ट्याचें पेटंट घेतलें. तो पट्टा कागद व लिफाफे बांधण्यासाठीं होता. १८७६ सालीं हेन्री विकहॅम यांनीं ब्राझीलमधून रबराच्या झाडाचें सुमारें ७०,००० बीं इंग्लंडांत नेलें. त्यांतून उगवलेलीं रोपें सिंहलद्वीपांत व मलायांत गेलीं, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं केरळांत रबराचे मळे उभे राहिले. मुलाच्या बेचकीपर्यंत रबर पोंचलें तें या लांबच्या वाटेनें.

भाला-बंदुकीचा जन्म फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर झाला. १९३३ सालीं लुई द कोर्लियू यांनीं पोहण्याच्या रबरी वल्ह्यांचें पेटंट घेतलें. जलाभेद्य चष्मेही त्याच सुमारास प्रचारांत आले. गाय गिलपॅट्रिक हे अमेरिकन लेखक तेथें राहून हातभाल्यानें मासे मारीत. त्यांचें या छंदावरील पुस्तक १९३८ सालीं प्रसिद्ध झालें. आरंभीच्या बंदुकांत पोलादी स्प्रिंग असे. परंतु खाऱ्या पाण्यांत स्प्रिंग गंजे, आणि ती बिघडली तर किनाऱ्यावर दुरुस्त होत नसे. दुसऱ्या महायुद्धानंतर रबरी पट्ट्यांच्या बंदुकांनीं तिची जागा घेतली. फ्रेंच लोक अशा बंदुकीस आडव्या धनुष्याचेंच नांव देतात. रबर हलकें, गंज न चढणारें, आणि थकलें तर कात्रीनें कापून पांच मिनिटांत बदलतां येणारें. विजय त्याचा झाला तो या साधेपणामुळें.

पण साधेपणाबरोबर मोहही आला. स्प्रिंग कारखान्यांत ठरत असे; रबर मात्र ज्याचें त्यानें कापावयाचें. अधिक जाड घेतलें, अधिक आंखूड कापलें कीं शक्ति वाढते, हें कोणासही समजतें. कोठें थांबावें, हें समजावयास हिशेब लागतो.

तो हिशेब असा. चांगलें नैसर्गिक रबर मूळ लांबीच्या तिप्पट ते साडेतीनपट ताणावें, असा सर्वसाधारण प्रघात आहे. समजा, बंदुकीच्या तोंडाच्या भोकापासून भाल्याच्या खांचेपर्यंत ८० सेंटिमीटर अंतर आहे. मधल्या आंकड्याचे ५ वजा जातां प्रत्येक बाजूचें रबर ताणल्यावर ७५ सेंटिमीटर व्हावयास हवें. तिप्पट ताण हवा असेल तर तें २५ सेंटिमीटर कापावें. साडेतीनपट हवा असेल तर सुमारें साडेएकवीस. चार बोटांहून कमी अंतरांत नवशिक्याची बंदूक आणि मुरलेल्या शिकाऱ्याची बंदूक यांचा भेद सांपडतो. म्हणून जाणते प्रथम लांबच कापतात. लांब रबर आंखूड करतां येतें, आंखूड झालेलें लांब करतां येत नाहीं.

जाडीचेंही असेंच आहे. बाजारांत साधारणपणें १४ ते २० मिलिमीटर जाडीचे पट्टे मिळतात. १४ आणि २० हे आंकडे जवळचे वाटतात. पण ओढ ठरते ती छेदाच्या क्षेत्रफळावर, आणि तें व्यासाच्या वर्गानें वाढतें. आंतील छिद्र त्याच प्रमाणांत धरल्यास २० मिलिमीटरचा पट्टा १४ च्या पट्ट्याहून दुप्पट ओढ घेतो. मात्र भाला दुप्पट दूर जात नाहीं. पाणी हवेच्या सुमारें ८०० पट दाट आहे आणि त्याचा विरोध वेगाच्या वर्गानें वाढतो. वाढविलेल्या शक्तीचा मोठा भाग पाणीच गिळून टाकतें. उरलेली शक्ति उलट फिरते: बंदुकीचें तोंड उसळतें, बारीक भाला सुटतांना वेतासारखा लवतो, आणि नेम जातो. म्हणून जाड पट्ट्यास जाड भाला हवा, जाड भाल्यास जड बंदूक हवी, आणि जड बंदुकीस समर्थ हात हवा. एक कडी वाढविली तर सारी सांखळी वाढवावी लागते. खोल समुद्रांत मोठ्या कुप्याची शिकार करणारे लोक जड लांकडी बंदुकीस अनेक मध्यम पट्टे लावतात तें याचसाठीं. एकेक पट्टा वेगळा ओढतां येत असल्यामुळें बेताच्या ताकदीच्या माणसासही एकूण ओढ मोठी मिळते.

पट्टा चढविण्याची रीतही ठरलेली आहे. दस्ता छातीवर किंवा कमरेवर टेकवून दोन्ही हातांनीं सारखें ओढावें. बंदूक फक्त पाण्यांत, समोर कोणी नसतांना भरावी, आणि होडींत चढण्यापूर्वीं रिकामी करावी. ऊन हा रबराचा वैरी. काम होतांच पट्टे गोड्या पाण्यानें धुऊन अंधाऱ्या जागीं ठेवावे. तोंडाशीं आणि आंकड्याशीं बारीक चिरा दिसूं लागल्या कीं पट्टा टाकून द्यावा. तुटलेला पट्टा डोळाही घेऊं शकतो.

येथवरचा हिशेब शिकाऱ्याच्या हिताचा झाला. माशाचा हिशेब पुष्कळ उशिरां मांडला गेला. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर ग्रे नर्स नांवाची एक मुशी आढळते. तिचे दांत बाहेर दिसतात, म्हणून ती नरभक्षक समजली गेली. वास्तविक ती शांत स्वभावाची आहे. १९५० ते १९७० च्या दरम्यान हौशी पाणबुड्यांनीं त्या मुशा मोठ्या संख्येनें मारल्या. अखेर १९८४ सालीं न्यू साउथ वेल्स राज्यानें त्यांना कायद्यानें संरक्षण दिलें. मुशीच्या जातीस असें संरक्षण मिळण्याचा जगांतील तो पहिला प्रसंग होता. हवेची टांकी पाठीस बांधून भाला-बंदूक चालविण्यास फ्रान्ससह अनेक देशांत बंदी आहे. माणसाचा श्वास संपतो, ही माशास मिळालेली एक नैसर्गिक सवलत आहे. ती काढून घेऊं नये, असा त्यामागील विचार. महाराष्ट्रांतही १९८७ सालीं मालवणचा सागरी प्रदेश अभयारण्य म्हणून घोषित झाला.

ताणास मर्यादा दोन बाजूंनीं आहे. एक मर्यादा रबर घालून देतें. ती ओलांडली तर पट्टा तुटतो आणि चूक तत्काळ कळते. दुसरी मर्यादा समुद्र घालून देतो. ती ओलांडली तर कांहींच तुटल्याचा आवाज होत नाहीं, आणि कळतें तेव्हां बरीच वर्षें गेलेलीं असतात. पहिलें माप बेचकी बांधणारा मुलगा एका दुपारीं शिकतो. दुसरें शिकावयास मोठ्या माणसांना अर्धें शतक लागलें.