मामेकुळाचा रकाना

लग्नाच्या बायोडाटात आपल्याकडे मामेकुळ विचारतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. पण हाच रकाना कॉलेजच्या प्रवेश अर्जात आला तर? अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठानं १९२२ साली तो खरोखरच घातला. आईचं माहेरचं आडनाव लिहा. शिवाय वंश कोणता, धर्म कोणता, वडिलांचा जन्म कुठला, आणि मुलाचं किंवा वडिलांचं नाव कधी बदललं आहे का, बदललं असल्यास सविस्तर सांगा!

तोवर तिथं प्रवेश-परीक्षा पास झाला की जागा मिळे. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांतली मुलं अभ्यासाच्या जोरावर आत येऊ लागली. १९०० च्या सुमारास हार्वर्डमध्ये ती शंभरात सातेक होती, १९२२ पर्यंत विसाच्या वर गेली. विद्यापीठाचे अध्यक्ष लॉवेल यांनी १५ टक्क्यांची मर्यादा सुचवली. उघड मर्यादा प्राध्यापकांच्या समितीनं नाकारली, मग तेच आडवळणानं झालं. मार्कांपेक्षा ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ मोठं झालं, अर्जाला फोटो लागला. बापानं आडनाव इंग्रजी वळणाचं करून घेतलं असलं तरी आईच्या माहेरावरून पोरगा ओळखू यायचा. एरवी बाईचं माहेर तिथं कोण विचारत होतं?

त्याच काळात, १९२५ साली, येल विद्यापीठानं ठरवलं, की जागा मर्यादित केल्या तरी पात्र ठरलेल्या माजी विद्यार्थ्याच्या मुलाला त्यापायी वगळायचं नाही. मुलाला म्हणजे मुलालाच हं. पदवीच्या वर्गात येलनं मुली घेतल्या त्या १९६९ साली. आपल्या भागात कित्येक जैन घरांत पाटीलकी होती, ती अशीच बापाकडून लेकाकडे जायची. स्वातंत्र्यानंतर कायद्यानं ती गेली. येलची पाटीलकी मात्र राहिली, आणि इतर मोठ्या कॉलेजांतही ती होतीच.

तिचं वजन किती, ते हार्वर्डवरच्या खटल्यात २०१८ साली बाहेर आलं. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी साधारण तिघांत एकाला प्रवेश, बाकीच्यांत शंभरात सहांना. ती मुलं हुशारही असतात, चांगल्या शाळांतून आलेली असतात, हे खरंच. पण मग त्यांना वरून आणखी टेकू कशाला? विद्यापीठं म्हणतात, पिढ्यांचं नातं जपलं जातं, देणग्या मिळतात. देणगीचं कारण निदान प्रामाणिक वाटतं.

२०२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं प्रवेशात वंशाचा विचार बंद केला, घराण्याच्या नात्याला हात लावला नाही. आता तिकडे शिकून स्थायिक झालेली आपली मंडळीही माजी विद्यार्थी झालीत. ‘बाबाचंच कॉलेज आहे, मिळेल की,’ असं आपल्याही घरांत बोललं जातं, आणि ते मला काही बरं वाटत नाही. एमआयटी हे नातं मोजत नाही. जॉन्स हॉपकिन्सनं २०१४ मध्येच मोजणं सोडलं. कॅलिफोर्नियानं २०२४ मध्ये कायदा करून खासगी विद्यापीठांतही त्याला बंदी घातली, ती सप्टेंबर २०२५ पासून लागू झाली. हार्वर्ड आणि येल त्या राज्यात नाहीत.