मोबाइलवर माणसाचे खरे वाटणारे डोळे कसे काढायचे? स्टेप बाय स्टेप माहिती



आजीच्या वर्षश्राद्धाला आईला फ्रेम करायला एक फोटो हवा होता. आजीचा नीट असा फोटोच नव्हता. होता तो व्हॉट्सॲपवर आलेला लग्नातला ग्रुप फोटो, त्यातही आजी मागच्या रांगेत. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, म्हणजे हे काम माझ्याकडेच येणार. मी फोटो क्रॉप केला आणि फोटो क्लिअर करणाऱ्या एका एआय ॲपमध्ये टाकला. काही सेकंदांत चकाचक चेहरा तयार! वणीला घरी जाऊन आईला दाखवला. ती म्हणाली, "कोण रे ही?"

नाक, साडी, कुंकू सगळं बरोबर होतं. चुकले होते ते डोळे. मग मी आजी स्वतः काढायची ठरवली. त्यात जे शिकलो ते आज आपण बघणार आहोत.

एआय ॲप डोळे का बदलतं?

क्रॉप केलेल्या फोटोत आजीचा एक डोळा जेमतेम १५-२० पिक्सेलचा होता. एवढ्यात बुबुळ, पापणी, सुरकुती यांची माहितीच नसते. ॲप ती परत आणत नाही. असंख्य चेहऱ्यांवरून शिकलेल्या अंदाजाने ते नवीन पिक्सेल तयार करतं. त्यामुळे डोळे सुंदर येतात, पण ते कुणाचेच नसतात.

अंदाज मलाही करावा लागला, पण तो आजीला ओळखणाऱ्यांना विचारून. वडिलांचे डोळे आजीवर गेलेत, म्हणून त्यांना खिडकीजवळ बसवून क्लोजअप घेतला. बाकीचं आईला विचारत गेलो. तुमच्याकडेही फोटो अंधुक असेल तर आधी घरातले सारखे डोळे शोधा.

काय काय लागेल?

- ॲप: अँड्रॉइड फोनवर आयबिस पेंट. फुकट व्हर्जनमध्ये जाहिराती येतात, पण काम होतं. मोठा टॅब असेल तर क्रिता पूर्ण मोफत आहे. आयपॅड असेल तर प्रोक्रिएट, ते विकत घ्यावं लागतं.
- पेन: बोटानेही जमतं. साध्या रबरी टोकाच्या स्टायलसला प्रेशर कळत नाही, त्यामुळे रेघ जाड-बारीक करायला ब्रशचा साइज स्वतः बदलावा लागतो.
- कॅनव्हास: ८ × १० इंचाच्या प्रिंटसाठी २४०० × ३००० पिक्सेल. फोन अडकत असेल तर लेयर कमी ठेवा.
- स्क्रीन: नाइट लाइट किंवा आय कम्फर्ट मोड बंद करा. तो चालू असला की स्क्रीन पिवळी दिसते आणि रंग चुकतात. मी एक पूर्ण रात्र यात वाया घालवली.

आधी डोळा समजून घ्या

वणीत वाढलेल्या माणसाला डोळे म्हटलं की गडावरची सप्तशृंगी आठवते. अठरा हातांची ती उंच मूर्ती, आणि शेंदरी चेहऱ्यावरचे मोठे, पूर्ण उघडलेले डोळे. २०२२ मध्ये शेंदराचा लेप काढल्यावर मूर्तीचं मूळ रूप दिसलं, तरी जुन्या फोटोंतले ते डोळे अजून डोक्यात बसलेत. लहानपणापासून मी डोळा तसाच काढायचो: पांढराशुभ्र, मधोमध पूर्ण गोल बुबुळ. देवीला ते शोभतं. माणसाला तसे डोळे दिले की तो दचकल्यासारखा दिसतो.

माणसाच्या डोळ्याची ही मापं लक्षात ठेवा:

- डोळा म्हणजे साधारण २४ मिमी व्यासाचा चेंडू. आपल्याला दिसतो तो पापण्यांच्या फटीतून.
- बुबुळ, म्हणजे रंगीत गोल, साधारण १२ मिमी. दिसणाऱ्या डोळ्याची रुंदी सुमारे ३० मिमी धरली, तर बुबुळ तिच्या ४० टक्के.
- समोर बघताना वरची पापणी बुबुळाचा १-२ मिमी भाग झाकते. खालची पापणी कडेला जेमतेम टेकते.
- बाहुली, म्हणजे मधला काळा गोल, उजेडात २ ते ४ मिमी असते आणि अंधारात मोठी होते. म्हाताऱ्या माणसांची बाहुली लहान असते.
- दोन डोळ्यांमधलं अंतर साधारण एका डोळ्याएवढं.

स्टेप १: स्केच

पहिल्या लेयरवर आधी पूर्ण चेंडू काढा, मग त्यावर पापण्या गुंडाळा. थेट बदामाचा आकार काढला की डोळा स्टिकरसारखा चिकटवलेला दिसतो. ॲपमधला स्टॅबिलायझर चालू ठेवा, हात थरथरला तरी रेघ सरळ येते. दोन्ही डोळे एकत्रच काढा. एक पूर्ण करून तो कॉपी-फ्लिप करू नका, कारण कुणाचेच दोन डोळे तंतोतंत सारखे नसतात.

स्टेप २: पांढरा भाग

इथेच सगळे चुकतात. डोळ्याचा पांढरा पांढरा नसतोच! लाल २१५, हिरवा २०५, निळा १९८ अशा राखाडी-गुलाबी रंगाने सुरुवात करा. वर नवीन लेयर घ्या, क्लिपिंग चालू करा, मोड मल्टिप्लाय ठेवा आणि एअरब्रशने वरच्या पापणीची सावली टाका. कोपऱ्यांकडे थोडं गडद करा. एवढ्यानेच चेंडू गोल वाटायला लागतो.

स्टेप ३: बुबुळ आणि बाहुली

गडद तपकिरी गोल भरा. कड किंचित गडद आणि मऊ ठेवा, धारदार कड खोटी दिसते. बाहुलीपासून बाहेर बारीक रेषा ओढा, मोजून नाही, वेड्यावाकड्या. उजेड वरून डावीकडून येत असेल तर बुबुळाचा खालचा उजवा भाग उजळ करा. प्रकाश पारदर्शक कॉर्नियातून आत शिरून समोरच्या बाजूला पडतो, म्हणून असं दिसतं. शेवटी वरच्या पापणीची सावली बुबुळावरही घ्या.

स्टेप ४: पापण्या

पापणीला जाडी असते. खालच्या पापणीच्या काठावर ओलसर, फिकट गुलाबी पट्टी दिसते, ती विसरू नका. केस त्या पट्टीच्या बाहेरच्या कडेवरून निघतात. ते मुळाशी जाड, टोकाला निमुळते आणि दोन-तीनच्या झुबक्यांत काढा. कंगव्यासारखे एकसारखे नकोत.

स्टेप ५: चमक

गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी शेवटी होते, तशी चमक आपणही शेवटीच टाकायची. वेगळ्या लेयरवर छोटा पांढरा ठिपका. कॉर्निया फुगीर आरशासारखा असतो, त्यामुळे चमक म्हणजे समोरच्या उजेडाचं प्रतिबिंब: खिडकी असेल तर चौकोनी, बल्ब असेल तर गोल. दोन्ही डोळ्यांत ती एकाच बाजूला हवी. सगळ्या चित्रात शुद्ध पांढरा फक्त इथेच वापरा.

माझी मोठी चूक

हे सगळं करून मी आईला चित्र दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "छान झालंय. पण आईंच्या डोळ्यांत ते पांढरं कडं होतं ना?"

होतंच. म्हातारपणी बऱ्याच जणांच्या बुबुळाच्या कडेला राखाडी-पांढरं कडं दिसतं. कॉर्नियाच्या काठावर स्निग्ध पदार्थ साठल्याने ते येतं. वडिलांच्या क्लोजअपमध्ये ते नव्हतं, आणि 'स्वच्छ' काढायच्या नादात माझ्याही लक्षात राहिलं नाही. शिवाय आजीची डावी पापणी थोडी खाली उतरलेली असायची, तीही मी सरळ केली होती. म्हणजे ॲपने जे केलं तेच मी हाताने केलं!

मग कमी ओपॅसिटीच्या मऊ ब्रशने कडं काढलं, डावी पापणी खाली आणली, पांढऱ्या भागात थोडा पिवळसरपणा आणला. जास्तीत जास्त वीस मिनिटांचं काम. म्हणून ज्यांचं चित्र काढताय त्यांच्या डोळ्यांतल्या तीन खुणा आधी लिहून ठेवा, मग ब्रश उचला.

नेहमी पडणारे प्रश्न

*फोटोतून रंग पिकरने उचलले तर चालतील का?*
सुरुवातीला चालतील. पण व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो कॉम्प्रेस झालेला असतो, त्यातले रंग मळकट येतात. अंदाज घ्या आणि स्वतः दुरुस्त करा.

*चूक पटकन कशी ओळखायची?*
कॅनव्हास आडवा फ्लिप करून बघा. तिरका झालेला डोळा लगेच दिसतो.

*प्रिंट काळपट का येते?*
स्क्रीन स्वतः प्रकाश देते, कागद देत नाही. ब्राइटनेस मध्यम ठेवून काम करा आणि आधी छोटी प्रिंट काढून बघा.

आता ती फ्रेम आमच्या वणीच्या घरी बैठकीच्या खोलीत आहे. प्रिंट हातात घेतल्यावर आई एवढंच म्हणाली, "हं, आता आई वाटतात."