तांबट आळीतलं पहिलं फुलपात्र

डोळे मिटा. १२५ वर्षं मागं जायचंय आणि वयही १२ वर उतरवायचंय. आता उघडा. बैलगाडीत बसलाय तुम्ही. खंडाळा सोडलं, शिरवळ गेलं, नीरा ओलांडली, कात्रजच्या बोगद्यातला गारवा अंगावरून गेला. फडक्यात बाजरीची अर्धी भाकरी तेवढी उरलीय. वडील आठवडे बाजारात भांडी विकतात, पण ती घडवायला शिकायचं तर पुण्यात, कसब्यात, मामांकडेच यायला हवं.

तांबट आळी दिसायच्या आधी ऐकू येते. खंडाळ्याच्या वडावर उन्हाळ्यात तो हिरवा पक्षी टुक-टुक-टुक करत बसतो ना, ज्याला आपण तांबटच म्हणतो? तो तिथं एकटा. इथं ओट्याओट्यावर माणसं ठोकताहेत आणि तो नाद दातांत शिरतो. पहिल्या रात्री आळी निजली, तरी तुमचे कान वाजतच राहतात.

पहिले कितीतरी दिवस फक्त भाता. कोळशाची धग तोंडावर, घामाला तांब्याचा वास, पुढ्यातली भाकरीसुद्धा त्याच चवीची. मग एका सकाळी मामा मुंबईहून आलेल्या पत्र्यावर परकारानं गोल काढतात, कात्रीनं कापतात आणि ती चकती तुमच्या हातात देतात. "घे. फुलपात्र कर."

लाकडी ओंडक्याच्या खळग्यावर चकती धरायची आणि कडेकडेनं ठोकत मध्याकडे यायचं. ती हळूहळू वाटीसारखी खोल होते. मग ती लोखंडी खुंट्यावर पालथी घालायची आणि बाहेरून, गोल फिरवत, एकेका ओळीनं ठोकायची. भिंत उभी राहू लागते. कडेला चुण्या पडतात. त्या दुमडायच्या आत बसवायच्या, नाहीतर तिथंच चीर जाते. तुमच्या पहिल्या फुलपात्राला गेलीच. मामा रागावत नाहीत. नखानं भांड्यावर टिचकी मारतात. "आवाज ऐकला नाहीस."

ऐकायचं काय? एवढ्या गदारोळात?

पण आहे. नरम तांबं बद्द वाजतं. ठोकत गेलात की ते ताठ होतं आणि आवाज चढतो, पातळ होतो, शेवटी टणटणतो. त्यापुढचा एक घावही त्याला सोसत नाही. मग भट्टीत ताव द्यायचा, मंद लाल झालं की पाण्यात. च्युंऽऽ! लोहाराचं पोलाद असं पाण्यात घातलं तर कडक होतं. तांबं मात्र पुन्हा मऊ होतं. खंडाळ्यातल्या लोहाराकडे तुम्ही अर्धं बालपण काढलंय, त्यामुळे हे पचायला वेळ लागतो.

सगळ्यात देखणं काम शेवटी. चिंचेनं घासलेल्या अंगावर गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनं मठारायचं. प्रत्येक घावाला एक चकचकीत टिकली, टिकलीला टिकली लागून. ही नक्षी नुसती शोभेची नव्हे. तिनं भांड्याचं अंग घट्ट होतं. मामांची रांग सुतात पडते. तुमची मुंग्यांसारखी सैरावैरा.

दुसरी चकती. खळगा, खुंटा, ताव. पुन्हा खुंटा. बाहेर कुणाची हातगाडी अडलीय, शेजारच्या ओट्यावर हंड्याचं बूड बसतंय, कुणीतरी ओरडतंय. तुमच्या हातोडीखाली मात्र एक बारीक, पातळ टण् उमटतो. मामा मान वर करतात. तोवर तुम्ही हातोडी खाली ठेवून सांडस उचललेली असते.