उभ्या प्रवाशांचा हिशोब

बस आणि नागरी हक्क म्हटलं की रोझा पार्क्स आठवतात. १ डिसेंबर १९५५ रोजी अलाबामातल्या मॉन्टगोमेरी शहरात गोऱ्या उतारूसाठी जागा सोडायला त्यांनी नकार दिला आणि तिथल्या कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. ही गोष्ट शाळकरी मुलंही सांगतील. मला आज सांगायचा आहे तो तिचा कमी ऐकलेला पुढचा भाग. त्यात भांडण बाकावरच्या जागेचं नव्हतं, पैसा कुठल्या वाहनावर खर्च करायचा याचं होतं.

स्थळ लॉस एंजेलिस, साल १९९४. तिथल्या परिवहन प्राधिकरणानं ठरवलं की बसचं भाडं १.१० डॉलरवरून १.३५ करायचं आणि ४२ डॉलरचा मासिक पास बंद करायचा. कारण काय, तर तिजोरीत खडखडाट. पण थोड्याच दिवसांत त्याच मंडळानं पॅसाडेनाच्या रेल्वेमार्गासाठी १२ कोटी ३० लाख डॉलर मंजूर केले! 'बस रायडर्स युनियन' ही प्रवाशांची संघटना इतर संस्थांसह कोर्टात गेली. त्यांचा हिशोब सरळ होता. ९४ टक्के प्रवासी बसचे, त्यांतले पाचातले चार कृष्णवर्णीय, लॅटिनो किंवा आशियाई. खर्चाचा मोठा वाटा मात्र रेल्वेला. सरकारी अनुदान घेणाऱ्याला वंशभेद करता येत नाही, असं १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण सांगतं. त्यावर दावा उभा राहिला.

न्यायाधीश टेरी हॅटर यांनी भाडेवाढीला तात्पुरती मनाई केली. १९९६ मध्ये दहा वर्षांचा समझोता झाला, त्यात पास ४२ डॉलरला कायम झाला. मला मोलाचं वाटतं ते दुसरंच कलम. गर्दीच्या वेळी बसमध्ये सरासरी १५ पेक्षा जास्त माणसं उभी नकोत, आणि २००२ पर्यंत हा आकडा ८ वर आणायचा. आपल्या बसमध्येही उभ्या प्रवाशांचा आकडा रंगवलेला असतो. तो मोजतो कोण? तिथे तो मोजला गेला. मर्यादा पाळली नाही म्हणून १९९९ मध्ये जादा बस घेण्याचा हुकूम निघाला. प्राधिकरण वरच्या कोर्टात गेलं आणि हरलं.

मग २००१ साल आलं. पुन्हा अलाबामाच. वाहन परवान्याची परीक्षा फक्त इंग्रजीत घेण्यावरून तिथून आलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं, की नुसता परिणाम भेदभावाचा झाला म्हणून नागरिकाला या कायद्याखाली दावा लावता येणार नाही. हेतू सिद्ध करावा लागेल. लॉस एंजेलिसचा समझोता २००६ मध्ये संपला. २००७ मध्ये बसचं भाडं वाढलं.