मठाशेजारचा कारखाना: ऑरोरा पेनांची वाटचाल

पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. इटलीतील तुरीन शहरात इझाया लेवी या कापड उद्योजकाने १९१९ साली फाउंटन पेनांचा कारखाना काढला आणि त्याला नाव दिले ऑरोरा, म्हणजे पहाट. बाजारात अमेरिकी पेनांचा दबदबा असताना त्यांच्या तोडीचे पेन आपल्याच शहरात घडवायचे, ही जिद्द त्यामागे होती.

१९३० च्या दशकात कारखान्याने चांगले बाळसे धरले. एका हाताने उघडता येणारे आस्तेरोपे हे पेन याच काळातले. इथिओपियावर चाल करून गेलेल्या इटालियन सैन्यासाठी काढलेले पेनही याच काळातले; त्यासोबत पाण्यात विरघळणाऱ्या कोरड्या शाईच्या वड्या असत. त्या आक्रमणाचा डाग या पानावर आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. १९३८ मध्ये ज्यूंविरुद्ध वांशिक कायदे आले, त्यांची झळ ज्यू वंशाच्या लेवींनाही लागली. १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात तर कारखानाच उद्ध्वस्त झाला.

तरी काम थांबले नाही. शहराच्या उत्तरेला स्तुरा नदीजवळच्या जुन्या मठाच्या परिसरात बिऱ्हाड हलवून कारखाना पुन्हा उभा राहिला. युद्धाच्या खुणा अजून बुजायच्या होत्या, अशा १९४७ साली तिथून ‘८८’ हे पेन बाहेर पडले. ऑलिवेत्तीच्या टाइपरायटरांना रूप देणारे मार्चेल्लो नित्सोली त्याचे रचनाकार. टोक तेवढे बाहेर ठेवून जवळजवळ सगळी निब त्यांनी आवरणाखाली घेतली. इतके नेटके पेन क्वचितच पाहायला मिळते.

पुढे बॉलपेन आले आणि फाउंटन पेनांचे जगभरचे दिवस फिरले. ऑरोराने शाळकरी मुलांसाठी ऑरेटा काढले. १९७० मध्ये मार्को झानुसो यांनी धातूच्या सडपातळ नळीसारखे हास्तिल घडवले. हे पेन न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. रेमिंग्टन टाइपरायटर इटलीत आणणाऱ्या चेझारे वेरोना यांच्या घराण्याकडे पुढे कारखान्याची सूत्रे आली आणि ती आजही त्याच घराण्याकडे आहेत.

या संस्थेचा खरा कस निबेत दिसतो. अनेक पेनकंपन्या निब बाहेरून घेतात. ऑरोरा ती स्वतः बनवते. सोन्याच्या पातळ पत्र्यातून आकार कापायचा, टोकाला कठीण धातूचा कण जोडायचा, चीर पाडायची, घासून पॉलिश करायचे. यातले कितीतरी काम कारागिरांच्या हातचे आहे. ही निब कागदावर गुळगुळीत घसरत नाही. पेन्सिलीसारखी किंचित खरखर बोटांना जाणवते. ज्यांना अक्षर सावकाश काढायला आवडते, ते संग्राहक या खरखरीसाठीच ऑरोरा घेतात. ऑप्टिमासारख्या पेनात आणखी एक सोय आहे. लिहिता लिहिता शाई संपलीच, तर मागची मूठ फिरवून दट्ट्या पार खाली आणायचा; दडून राहिलेली थोडी शाई निबेकडे उतरते आणि हातातले पान पुरे होते.

२०१६ मध्ये कारखान्याला लागूनच लेखनकलेचे संग्रहालय सुरू झाले आणि २०१९ मध्ये संस्थेने शंभरी गाठली. तुरीनला जाण्याचा योग आला, तर शहराच्या या उत्तर टोकापर्यंत जरूर जावे. मठाच्या शेजारी आजही निब घडतात.