अल्पऊर्जा कॅमेरे आणि वनस्पतींच्या ऋतुचक्राची नोंद : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
झाडांना पालवी केव्हा फुटली, पाने केव्हा गळाली, याची नोंद ठेवण्याची परंपरा जुनी आहे. इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ मध्ये वसंतागमनाच्या नोंदी सुरू केल्या व त्यांच्या वंशजांनी त्या १९५८ पर्यंत चालविल्या. सजीवांच्या ऋतुनिष्ठ बदलांच्या या अभ्यासास पुढे ‘फेनॉलॉजी’ हे नाव मिळाले. हवामानबदलाच्या संशोधनात अशा नोंदी मोलाच्या ठरतात. मात्र जेथे मनुष्यवस्तीच नाही, तेथील नोंद कोणी ठेवावयाची? या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास हा बव्हंशी विजेच्या काटकसरीचा इतिहास आहे.

उपग्रहांची मर्यादा :
१९७२ मध्ये अमेरिकेने सोडलेला पहिला लँडसॅट उपग्रह एका ठिकाणावर १८ दिवसांनी परतत असे. पालवीचा बहर काही आठवड्यांतच उरकतो. त्यात आकाश ढगाळ असेल तर तो काळ नोंदीविनाच निसटतो. त्यामुळे जमिनीवरील अखंड निरीक्षणाची गरज कायम राहिली.

कॅमेऱ्यांचा विकास :
१९९० च्या दशकात अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम व सहकाऱ्यांनी अंतराळयानांसाठी सीमॉस प्रतिमासंवेदक विकसित केला. तत्कालीन सीसीडीपेक्षा त्यास वीज बरीच कमी लागे; त्यामुळे बॅटरीवरील कॅमेऱ्यांचा मार्ग सुकर झाला. जपानमध्ये २००३ मध्ये अशा निरीक्षणाचे जाळे सुरू झाले. अँड्र्यू रिचर्डसन व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील बार्टलेट अरण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि २००८ मध्ये ‘फेनोकॅम’ जाळे उभे राहिले. लाल, हिरवा व निळा या तिन्ही रंगमूल्यांच्या बेरजेत हिरव्याचा वाटा किती, यावरून पालवीची प्रगती मोजता येते. मात्र कॅमेरा रंगसंतुलन आपोआप बदलत असेल तर हे गुणोत्तर विश्वसनीय राहत नाही.

विजेचे गणित :
५ वॅटचा कॅमेरा अखंड चालविल्यास दिवसाला १२० वॅट-तास खर्च होतात. तोच दर अर्ध्या तासाने एक मिनिट जागा करून उरलेला वेळ पूर्ण बंद ठेवल्यास ४ वॅट-तास पुरतात. ईशान्य ग्रीनलंडमधील झाकेनबर्गसारख्या ठिकाणी हिवाळ्यात सुमारे तीन महिने सूर्य उगवत नाही, सौरपट्ट्या निरुपयोगी होतात व थंडीने बॅटरीची क्षमता घटते. म्हणजे या अंधाऱ्या काळाच्या अखेरीस साठा सर्वांत क्षीण असतो. साठा संपून कॅमेरा बिघडला आणि बर्फ वितळून वनस्पती जाग्या होण्याच्या काही आठवड्यांत बंद राहिला, तर त्या वर्षीचा वसंत पुन्हा नोंदता येत नाही.

निष्कर्ष :
प्रतिमेच्या स्पष्टतेपेक्षा नोंदीचे सातत्य अधिक महत्त्वाचे, हे या इतिहासावरून दिसून येते. मार्शम घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जे चिकाटीने साधले, तेच निर्जन प्रदेशात साधण्यासाठी यंत्राला प्रथम मितव्ययी व्हावे लागले.