आई शिकायला निघाली, तेव्हा पोर कुणापाशी होतं?



गटाच्या बैठकीत प्रशिक्षणाचं पत्र वाचून दाखवलं की एक उत्तर आम्हाला हमखास मिळतं. "ताई, पोरं जरा मोठी होऊ द्या, मग बघू." मग ते पाच दिवसांचं निवासी प्रशिक्षण असो, नाही तर तालुक्याच्या बँकेत अर्धा दिवस जायचं असो. जिच्या कडेवर लेकरू आहे ती मागं राहते. आणि सचिवपदाला नाव सुचवायची वेळ आली की तिचं नाव आपणच गाळतो. "तिला कुठं जमायचं, लहान पोर आहे." तिनं नाही म्हणायच्या आधी आपण तिच्या वतीनं नाही म्हणून मोकळ्या होतो.

जयंतीच्या भाषणांत आपण मोठ्या बायांच्या गोष्टी ऐकतो. त्या कशा शिकल्या, किती लांब गेल्या, लोकांनी किती त्रास दिला, हे सगळं सांगतात. पण त्यांचं पोर त्या वेळी कुणापाशी होतं, त्याला जेवू कोण घालत होतं, हे कुणी सांगत नाही. आज आपण तेवढंच विचारू. गोष्ट मुख्यतः कोकणातल्या देवरुखच्या दोन बहिणींची आहे. पण सुरुवात पंडिता रमाबाईंपासून करावी लागते, कारण धागा तिथून निघतो.

रमाबाईंचे पती १८८२ साली वारले. त्यांची मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही झालेली नव्हती. पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, दोन वर्षांच्या त्या पोरीला घेऊन रमाबाई बोटीनं इंग्लंडला गेल्या. शिकायला. तिथं वाँटेज या गावी ख्रिस्ती सिस्टरांचा मठ होता. रमाबाई तिथं राहिल्या, इंग्रजी शिकल्या, ख्रिस्ती झाल्या, आणि नंतर चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात स्वतः शिकत शिकत संस्कृत शिकवू लागल्या. तेव्हा मनोरमेला सांभाळायला मठातल्या सिस्टरांचा मोठा आधार झाला.

इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, बरी सोय झाली. पण सोय करणाऱ्याचा हक्कही चालू होतो, हे आपल्याला सासरच्या आणि माहेरच्या दोन्ही अनुभवांवरून ठाऊक आहे. मनोरमेला धर्माचं काय आणि कसं शिकवायचं, यावरून रमाबाई आणि त्या सिस्टर यांच्यात खटके उडाले. पत्रांतून वाद झाला. ज्यांच्या आसऱ्याला राहायचं, ज्यांनी लेकरू सांभाळायचं, त्यांनाच रमाबाईंनी सांगितलं की मुलीच्या बाबतीत शेवटचा शब्द आईचा. आम्हाला रमाबाईंच्या विद्वत्तेइतकीच ही गोष्ट मोठी वाटते. उपकार घेतला, पण पोरीवरचा हक्क सोडला नाही. मनोरमा पुढं शिकून आईच्याच कामात आली. दौंडजवळच्या केडगावला रमाबाईंनी जी मुक्ती संस्था उभी केली, तिचा भार मायलेकींनी मिळून वाहिला.

इंग्लंडहून रमाबाई अमेरिकेला गेल्या, गावोगाव भाषणं देऊन मदत गोळा केली, आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ विधवांसाठी शारदा सदन ही शाळा काढली. या शाळेत पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणून जी बाई आली, ती देवरुखच्या जोश्यांची गोदूबाई.

गोदूबाई आठव्या वर्षी विधवा झालेली. लग्न काय आणि नवरा काय, हे कळायच्या आत सगळं संपलेलं. पुढची कितीतरी वर्षं घरकामात गेली. तिचा भाऊ नरहरपंत मुंबईत शिकत होता. तो तिला आपल्या बिऱ्हाडी घेऊन आला आणि तिथून ती शाळेत गेली. तेव्हा तिनं विशी केव्हाच ओलांडली होती. नरहरपंतांचे मित्र धोंडो केशव कर्वे. त्यांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारली, घरात रघुनाथ नावाचा लहान मुलगा होता. मार्च १८९३ मध्ये कर्व्यांनी गोदूबाईशी पुनर्विवाह केला. लग्नानंतर तिचं नाव आनंदीबाई झालं, पण सगळे तिला बाया म्हणायचे. विधवेशी लग्न केलं म्हणून कर्व्यांच्या मुरुड गावानं दोघांना वाळीत टाकलं.

आता धाकटी बहीण. तिचं माहेरचं नाव कृष्णा, सासरचं पार्वती आठवले. जन्म १८७० चा. अकराव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी वैधव्य, पदरात एक मुलगा. त्या काळच्या रीतीप्रमाणे केस काढले, लाल लुगडं आलं, आणि ती देवरुखला आईवडिलांच्या घरी राहिली. आपल्यातल्या अनेकींना हे चित्र अनोळखी नाही. केस काढत नाहीत आता, पण माहेरी परत आलेल्या एकल बाईला स्वयंपाकघराचा कोपरा आजही मिळतो आणि सणासुदीला तिनं पुढं यायचं नाही हेही आजच आहे.

पार्वतीबाईंपुढं दोन प्रश्न होते. पोराचं शिक्षण कसं करायचं, हा पहिला. आणि आपलं स्वतःचं काय, हा दुसरा. बहुतेक आया पहिला प्रश्न घट्ट धरतात आणि दुसरा विचारतच नाहीत. पार्वतीबाईंची गोष्ट वेगळी होते ती इथं. पुण्यात थोरल्या बहिणीचं घर होतं. पण ते पुनर्विवाह केलेल्या बाईचं, वाळीत पडलेलं घर. सोवळ्या विधवेनं अशा घरी जाणं म्हणजे आपल्याबरोबर आईवडिलांनाही बोल लावून घेणं. तरी त्या गेल्या.

आणि पंचविशी ओलांडलेली ही बाई मुळाक्षरांपासून सुरुवात करून शिकायला बसली. मुलगा शाळेच्या वयाचा होता. म्हणजे आई आणि मुलगा, दोघं एकाच काळात विद्यार्थी. आमच्या साक्षरता वर्गात एक ताई म्हणायच्या, "नातवाच्या पाटीवर मी गिरवते, तो माझ्या चुका काढतो." हसून सांगायच्या, पण पहिल्या दिवशी त्यांचा हात थरथरत होता, तोही आम्ही पाहिला होता. पार्वतीबाईंच्या हाताला काय झालं असेल, याचा अंदाज त्यावरून करावा.

कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. विधवांना राहायला आणि शिकायला जागा. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी हिंगण्याला सहा एकर जमीन आणि झोपडीसाठी ७५० रुपये दिले. १९०० साली आश्रम त्या माळरानावर गेला. पुण्याहून पायी जायचं, पावसाळ्यात चिखल, आणि प्लेगचे ते दिवस. झोपडी म्हणजे झोपडीच. तिथं ज्या मोजक्या बायांनी संस्था सांभाळली त्यांत वेणूबाई नामजोशी आणि पार्वतीबाई होत्या. मुलींच्या खाण्यापिण्यावर, राहण्यावर, आजारपणावर पार्वतीबाईंची नजर असायची. घरकाम येतं म्हणून बाईला कमी लेखतात ना, तेच घरकाम इथं व्यवस्थापन झालं. आपला गट जेव्हा अंगणवाडीच्या आहाराचं काम घेतो तेव्हा तांदूळ किती, तेल किती, कोण आलं, कोण नाही, याचा जो हिशेब आपण ठेवतो, तेच काम.

पण पार्वतीबाई स्वयंपाकघरात थांबल्या नाहीत. आश्रमाला पैसा लागत होता. त्या गावोगाव फिरू लागल्या, व्याख्यानं देऊ लागल्या, वर्गणी मागू लागल्या. सोवळ्या विधवेचा वेष त्यांनी बरीच वर्षं तसाच ठेवला, कारण त्या वेषामुळं जुन्या वळणाच्या घरांत शिरता येई, तिथल्या बायकांशी बोलता येई. मग १९१२ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी केस काढणं बंद केलं. बावीस वर्षांनंतर! ज्यांना हे उशिरा सुचलेलं शहाणपण वाटतं त्यांना आमचं सांगणं आहे की चार लोकांत, सगळे ओळखत असताना बदलणं हे विसाव्या वर्षापेक्षा बेचाळिसाव्या वर्षी जास्त अवघड असतं. पुनर्विवाह मात्र त्यांनी केला नाही. बहिणीनं केला, यांनी नाही. दोघींनी एकमेकींना सोडलं नाही.

थोरलीकडं परत येऊ, कारण तिच्यावर अन्याय व्हायला नको. धोंडो केशव कर्व्यांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळालं आणि ते योग्यच होतं. पण घर चालवलं बायानं. सवतीचा रघुनाथ, स्वतःचे शंकर, दिनकर आणि भास्कर, वर येणारी जाणारी मुलं. कर्वे मिळवलेलं आश्रमाला देत. स्वतःच्या विम्याचे पैसेसुद्धा त्यांनी आश्रमाच्या नावे केले. घरात पोरं असताना नवऱ्यानं विम्याचे पैसे संस्थेला दिले, तर कोणती बाई गप्प बसेल? बाया गप्प बसली नाही. तिनं 'माझे पुराण' या पुस्तकात आपलं मन मोकळं केलं, ते १९४४ मध्ये छापलं गेलं. ते वाचताना वाटतं, ही आपल्या बैठकीत बसून बोलतेय. मोठ्या कामाचा हिशेब मांडताना अशा घरची वजाबाकीही मांडायला हवी. आणि हाच रघुनाथ पुढं र. धों. कर्वे म्हणून संततिनियमनाचा प्रचार करणारा निघाला. बाईला किती मुलं व्हावीत हे तिच्या हातात असावं असं सांगत आयुष्यभर शिव्या खाल्ल्या त्यानं.

आणखी एक गोष्ट लपवून चालणार नाही. हिंगण्याच्या आश्रमाची दारं सुरुवातीला ब्राह्मण विधवांसाठीच उघडी होती. आपल्यातल्या बहुतेकींच्या पणज्यांना तिथं जागा मिळाली नसती. त्यांच्यासाठी सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी त्याच पुण्यात १८४८ पासून शाळा काढल्या होत्या. फसवल्या गेलेल्या विधवांसाठी घरही उघडलं होतं, आणि तिथं ब्राह्मण विधवांनाही आसरा होता. काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेचा मुलगा सावित्रीबाईंनी दत्तक घेतला. तो यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात मायलेकांनी मिळून रोग्यांची सेवा केली आणि त्यातच सावित्रीबाई गेल्या. म्हणजे पोर वाढवणं आणि काम करणं ही दोन वेगळी खाती त्यांनी ठेवलीच नव्हती.

आता पार्वतीबाईंचा शेवटचा मोठा प्रवास. १९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं. पैशांची गरज वाढली. १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पार्वतीबाई एकट्या अमेरिकेला गेल्या. मुलगा तोवर मोठा, कर्ता झालेला. इंग्रजी फारसं येत नव्हतं. शिकायचं आणि संस्थेसाठी मदत मिळवायची, असे दोन हेतू. पैसे पुरेनात, तेव्हा तिथल्या घरांत मोलकरीण म्हणून राबल्या. आपल्याकडं ज्यांना लोक हार घालायचे त्या बाईनं परक्या देशात भांडी घासली, घर झाडलं, आणि राबता राबता भाषा शिकली. १९२० मध्ये त्या परत आल्या. त्यांचं आत्मचरित्र 'माझी कहाणी' १९२८ ला निघालं, आणि दोन वर्षांनी त्याचं इंग्रजी भाषांतर अमेरिकेत छापलं गेलं. त्या १९५५ पर्यंत जगल्या, पंच्याऐंशी वर्षं.

त्या पुस्तकातलं सगळं पटेल असं नाही. काही मतं जुनी वाटतात. पण मुळाक्षरं पंचविशीनंतर शिकलेल्या बाईनं अठ्ठावन्नाव्या वर्षी स्वतःच्या नावाचं पुस्तक छापलं, हे विसरू नये.

आपला पहिला प्रश्न होता, पोर कुणापाशी. रमाबाईंच्या बाबतीत मठातल्या सिस्टर. पार्वतीबाईंच्या मागं थोरली बहीण आणि तिचं घर. बाया स्वतः मात्र घरी होती, म्हणून बाकीचे बाहेर पडू शकले, आणि तिच्या वाट्याला किती थोडं आलं ते तिनंच लिहून ठेवलंय. यांतली कुणीही एकटीच्या बळावर निघाली नव्हती. आपण मात्र गोष्ट सांगताना एकटीची हिंमत सांगतो आणि मग आपल्या गटातल्या तरुण सुनेला म्हणतो, बघ, हिंमत पाहिजे. तिच्यात हिंमत असते. दुपारी चार तास पोर धरायला माणूस नसतं.

म्हणून आमच्या ग्रामसंघानं गेल्या बैठकीत ठराव केला आहे. प्रशिक्षणाच्या दिवशी समाजमंदिरात मुलं सांभाळायची, दर वेळी दोन गटांची पाळी. त्या दिवशी मुलं सांभाळणाऱ्या दोघींना चहापाणी ग्रामसंघाच्या खर्चानं, आणि पुढच्या प्रशिक्षणाला पहिला नंबर त्यांचा, म्हणजे बायासारखं कुणी कायमचं घरी अडकायला नको. इतिवृत्तात लिहून सह्या झाल्या आहेत. अकरा गटांपैकी आठांनी पाळी घेतली. तीन गट म्हणतात, आमच्यात लहान मुलंच नाहीत, मग आम्ही कशाला? त्यांच्याशी बोलायला आम्ही येत्या मंगळवारी जाणार आहोत. या सदराचा अंक सोबत नेणार आहोत.